देवराष्ट्रेची किकवाली जीप

यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून देवराष्ट्रे सगळ्यांना माहीत. डिसेंबर २०२१ मध्ये कडेगाव तालुक्यातलं हे गाव पुन्हा सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं, ते एका बुटक्या जीपमुळं. दत्तात्रय लोहार फटफटीला मारावी तशी किक मारतात आणि चारचाकी सुरू होते! आम्हीही हसून व्हिडिओ पुढं पाठवला. हसण्याच्या नादात त्यातलं काम बघायचं मात्र राहून गेलं.

पोराला चारचाकी हवी होती. शोरूमची गाडी आवाक्याबाहेर, पण घरचाच फॅब्रिकेशनचा धंदा. जुन्या गाड्यांच्या भंगारातून भाग निवडत, साधारण साठ हजार रुपयांत लोहारांनी जीप उभी केली.

हे नुसतं वेल्डिंगचं काम नव्हे. ते कळायला दुसऱ्याच एका छोट्या गाडीकडं बघावं लागतं: रिमोटवर माळरानात पळणारी शर्यतीची बग्गी. तामिया कंपनीनं १९७९ मध्ये आणलेली ‘सँड स्कॉर्चर’ खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची होती. २००६-०७ च्या सुमारास एचपीआय कंपनीची ‘बाहा ५बी’ आली ती एक पंचमांश मापाची. लांबी अडीच फुटांहून जास्त, वजन दहा किलोच्या घरात, पोटात २३ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन. तिला किक नाही, दोरी ओढायची.

गाडी पाचपट लहान झाली, तरी वाटेवरचा दगड लहान होत नाही. मुरमातला लिंबाएवढा खडा तिच्या चाकाला न सोललेल्या नारळाएवढा. म्हणून शर्यतीपेक्षा जास्त वेळ जुळणीत जातो. शॉकअपमधलं तेल फार पातळ, तर उडीनंतर गाडीचं पोट जमिनीवर आपटतं. फार घट्ट, तर खडबडीत वाटेवर चाक जमीन सोडून नाचतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चक्कर मारायची, पुन्हा बघायचं.

लोहारांपुढंही जुळणीच होती, पण मापाच्या सुट्या भागांची पाकिटं नव्हती. एका गाडीचा भाग दुसरीच्या भागाला मानवेल असा बसवायचा, आणि वर माणसं बसणार हेही धरून चालायचं.

इथं दोन्ही गाड्यांच्या वाटा फुटतात. बग्गीत कुणी बसत नाही, म्हणून तिला पासिंग लागत नाही. माणूस बसला की नियमही शेजारी येऊन बसतो. २१ डिसेंबरला उद्योगपती आनंद महिंद्रांनी जीपचं कौतुक केलं, तेव्हाच ती नियमांत बसत नसल्याचंही लिहिलं. आज ना उद्या अधिकारी अडवतील, म्हणून बदल्यात बोलेरो देऊ केली. घरच्यांना आधी जीप सोडवेना. जानेवारी २०२२ मध्ये मात्र अदलाबदल झाली. बोलेरो लोहारांच्या दारात आली आणि जीप महिंद्रांच्या ‘रिसर्च व्हॅली’ या संशोधन केंद्रातल्या संग्रहासाठी गेली.

हिशेबानं सौदा फायद्याचाच. बोलेरो किल्लीनं सुरू होते, बिघडली तर गॅरेजला जाते. त्या जीपचा मात्र कुठला नट कुणी आणि का आवळला, हे घरातच ठाऊक होतं.