आकाशातील थांबा

लातूरहून नांदेडकडे निघालेल्या एस. टी. गाडीला वाटेत रेल्वेचे फाटक बंद आढळले, तर चालक गाडी उभी करतो. नांदेड स्थानकात फलाट रिकामा नसला, तर आगगाडीही सिग्नलपाशी मुकाट्याने उभी राहते. विमानाला मात्र असे उभे राहता येत नाही. पंखांवरून वेगाने वाहणारी हवाच त्याला उचलून धरते. वेग सरला की आधारही सरतो. मग धावपट्टी मोकळी नसेल, तर विमानाने थांबावे कोठे?

समजा, श्रावणातील एका सकाळी एक लहान विमान नांदेडवर आले आहे. येथील विमानतळ श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाने ओळखला जातो. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने त्याचे नूतनीकरण झाले. आज गोदावरीचे पात्र आणि गुरुद्वाऱ्याचा कळस ढगांखाली दडले आहेत. वैमानिकाला बाहेर काहीच दिसत नाही; त्याचा सारा भरवसा समोरच्या उपकरणांवर आहे. इतक्यात नियंत्रकाचा आदेश येतो, “पुढचे विमान उतरेपर्यंत थांबा.”

वैमानिक घिरट्या घालू लागतो. पण त्या वाटेल तशा नसतात. त्यांचा मार्ग शर्यतीच्या मैदानासारखा लांबट असतो : दोन सरळ बाजू आणि त्यांना जोडणारी दोन अर्धवर्तुळे. जमिनीवरील रेडिओ-केंद्राच्या साहाय्याने एक बिंदू ठरविलेला असतो. त्या बिंदूवर आले की विमान सामान्यतः उजवीकडे वळते. ते दर सेकंदाला ३ अंश वळत असले, तर १८० अंशांच्या वळणास बरोबर एक मिनिट लागते. १४,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर बिंदूकडे येणारी सरळ बाजूही एका मिनिटाची असावी, असा नियम आहे. तेवढ्या वेळात विमान नेमक्या रेषेवर स्थिर करावयाचे असते. वारा नसेल, तर संपूर्ण फेरी चार मिनिटांची होते. ढगांत मैलाचे दगड नसतात. तेथे घड्याळच वाटाड्या होते.

परंतु वारा हे गणित बिघडवितो. विमानाचा स्वतःचा वेग मिनिटाला ४ किलोमीटर आणि वाऱ्याचा १ किलोमीटर आहे, असे धरू. बिंदूकडे येताना वारा पाठीशी आहे. दूर जाताना तो समोरून येतो. म्हणून दूर जाताना विमान मिनिटाला ३ किलोमीटरच जाते. बिंदूच्या बरोबर बाजूस येताच वैमानिक घड्याळ सुरू करतो व एका मिनिटाने वळू लागतो. वळणाच्या मिनिटात वारा त्याला १ किलोमीटर मागे, म्हणजे बिंदूकडे, ढकलतो. राहिले २ किलोमीटर. आता वेग मिनिटाला ५ किलोमीटर असल्यामुळे ते अंतर अवघ्या २४ सेकंदांत संपते. ठरलेल्या मिनिटातील ३६ सेकंद कमी पडले! ही चूक ओळखून वैमानिक पुढच्या फेरीत दोन मिनिटे दूर जातो. मग अंतर होते ६ किलोमीटर. त्यातील एक वळणात जाते आणि उरलेले ५ किलोमीटर बरोबर एका मिनिटात संपतात.

एकाच बिंदूवर अनेक विमाने थांबली असतील, तर ती एकावर एक, सामान्यतः हजार फुटांच्या अंतराने ठेवतात. सर्वांत खालचे विमान उतरावयास गेले की वरची विमाने क्रमाने एकेक पायरी खाली येतात. प्रत्येकाने आपली वाट सांभाळली, तरच सर्वजण सुरक्षित राहतात.

या थांब्याची किंमत इंधनाने मोजावी लागते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेल्या एका विमानास एक तासाहून अधिक काळ घिरट्या घालाव्या लागल्या. इंधन कमी होत असल्याचे वैमानिकांनी सांगितले. पण ‘आणीबाणी’ असे स्पष्ट शब्दांत कळविले नाही. अखेर इंधन संपून विमान कोसळले आणि ७३ जणांचे प्राण गेले. किती वेळ थांबता येईल याचा हिशेब ठेवणे जितके अगत्याचे, तितकेच संकट वेळीच व स्पष्टपणे सांगणेही अगत्याचे असते.

मुलांनो, पावसाळ्यात ढगांआड विमानाची घरघर पुनःपुन्हा ऐकू आली, तर ते वाट चुकले असे समजू नका. कदाचित तेथे कोणी वैमानिक घड्याळाकडे पाहत, एकेक सेकंद मोजत, आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल.