गल्ल्यामागची चित्रशाळा

इंदूरच्या चित्रकलेची गोष्ट सांगायला बसलं की सगळे १९२७ पासून, दत्तात्रय दामोदर देवळालीकरांच्या चित्रशाळेपासून सुरू करतात. त्यात चूक काहीच नाही. पण माझ्या मते या गोष्टीतलं एक पान दुकानांत सापडतं, आणि ते कुणी फारसं उलगडत नाही.

पंढरपूरला जन्मलेला मकबूल फिदा हुसेन इंदुरात वाढला. मुलानं धंदा शिकावा म्हणून वडिलांनी त्याला काकांच्या दुकानात बसवलं. हुसेन यांनी आत्मकथनात सांगितलंय, की गल्ल्यावर बसून त्यांचं सगळं लक्ष रस्त्याकडे असे. हिशेबापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांची रेखाटनंच जास्त व्हायची. अशातच शांतारामबापूंच्या ‘सिंहगड’ची (१९३३) जाहिरात दुकानावरून गेली आणि या पोराला तैलरंगांचं वेड लागलं. पुढे मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून त्यांनी पोट भरलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाला चित्रकार होऊ द्या, हे वडिलांना पटवलं ते नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. बेंद्रे अस्सल इंदूरचे, देवळालीकरांचे विद्यार्थी. दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर हेही त्याच परंपरेतले. चिंचाळकर गुरुजी वाळकी पानं, करवंट्या, लाकडाचे ढलपे यांतून चित्रं घडवत. बाजार रोज संध्याकाळी जे झाडून टाकतो, तेच त्यांचं सामान!

कापडाचं मात्र वेगळं झालं. शहरात मिल होत्या आणि महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटही होतं. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मार्केट चालूच राहिलं. आजही व्यापारी गादीवर बसल्या बसल्या थान असं भिरकावतो की ते गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी उलगडतं. माल सुरतेचा, भिवंडीचा. इंदूरचं त्यात उरलं ते बोलणं आणि उधारी.

इथली चामड्याची खेळणी अजून हातानंच होतात. तारेचा सांगाडा वाकवायचा, त्यावर भराव बांधायचा, वरून ओलसर चामडं ताणून चिकटवायचं. घोड्याची मान वळते ती तारेमुळे. या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. लहान मूल त्यांच्याशी खेळताना मी तरी पाहिलेलं नाही. ती दिवाणखान्यातल्या कपाटात जातात.

आणि सराफा. दिवसा सोनं-चांदी, रात्री पेढ्यांची शटर्स पडली की त्याच ओटल्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबीच्या कढया. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारे जोशी याच गल्लीतले. हीसुद्धा एक कलाच, पण मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत न येणारी. रात्रभर वर्दळ असली की चोरी होत नाही, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं जुने लोक सांगतात. अलीकडे मात्र अरुंद गल्लीतल्या गॅस सिलिंडरांची सराफांना धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. नूडल्स-मोमोजच्या गाड्या वाढल्या हीदेखील तक्रार आहे. गाड्या कमी करा, सिलिंडर तपासा. पण सगळ्यांना उचलून दुसरीकडे बसवा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, तिथे ओटला कोण देणार आणि भाडं किती घेणार.