संगणकात भरलेले खाते सापडत का नाही?

खामगाव, मलकापूर, चिखलीकडचे आपले बरेच व्यापारी बांधव आता बिले, उधारीची खाती आणि मालाची यादी संगणकात ठेवतात. दुकान आणि गोदामाचे संगणक एकमेकांना जोडले की पेढीपुरते जाळे तयार होते. त्यालाच इंट्रानेट म्हणतात. पण भरलेली माहिती ऐनवेळी सापडत नाही, आणि इथेच पैसा अडकतो. उधार दिलेल्या मालाच्या किमतीचा दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. जीएसटीचे हिशेब तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळायचे असतात.

खरी अडचण नावांची आहे. इंग्रजीत 'शेख' कोणी 'एआय' घालून लिहितो, कोणी 'ईआय', तर कोणी नुसता 'ई'. यंत्राला ही तीन वेगळी माणसे वाटतात. उच्चारावरून नावाला संकेतांक देण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ सालीच घेतले होते. तीच पुढे 'साऊंडेक्स' म्हणून रूढ झाली. तिच्यात वरच्या तिन्ही शेखांना 'एस २००' हाच अंक मिळतो. मोहम्मद आणि मुहम्मद दोघेही 'एम ५३०'. मात्र चार अक्षरी आखूड 'मोह्द' जातो 'एम ३००' मध्ये! अशी आखूड रूपे हाताने जोडून घ्यावी लागतात. अनेक डाटाबेसमध्ये साऊंडेक्सची सोय आयतीच असते. आपल्या संगणकवाल्याला जरूर विचारा.

आता 'शेख' शोधले की अर्धी खातेवहीच समोर येणार. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडले की, जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावे. म्हणून नावासोबत गाव आणि धंदा भरा. 'शेख, नांदुरा, वेल्डिंग' म्हटले की खाते वर येते. मोबाईल नंबर असेल तर सोन्याहून पिवळे.

मालाचेही तेच. कारागीर 'कब्जा' मागतो, यादीत 'बिजागरी' असते, कंपनीच्या बिलावर 'हिंज'. तिन्ही शब्द एकाच मालाला जोडा. नोकराने काय शोधले आणि सापडले नाही, याची नोंद आठवडाभर एका वहीत ठेवा. कोणते शब्द जोडायचे ते त्या वहीतूनच कळते. महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी हे करून पाहावे.

जुन्या मराठी फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर डोळ्यांना दिसणारे अक्षर शोधात येत नाही. बिलाचा नुसता फोटो ठेवला असेल तर फायलीला तारीख, नाव आणि बिल नंबर द्या. आणि शोध सुधारला म्हणून पगाराची व नफ्याची खाती प्रत्येक नोकराच्या पडद्यावर येऊ देऊ नका. ती कोणाला दिसावीत हे आधी ठरवा.