फिल्टर घेण्याआधी

पाण्याचा फिल्टर घ्यायला गेलात, की दुकानदार विचारतो, "केवढ्यापर्यंतचा दाखवू?" खरे तर त्याने विचारायला हवे, "तुमचे पाणी कुठले?"

आम्हांलाही हे कोणी विचारले नाही. आमच्याकडे नदीच्या योजनेचे नळाचे पाणी. चवीला गोड. तरी आम्ही आरओचा फिल्टर आणला आणि सिंकखाली बसवला. आरओच्या पडद्याची छिद्रे फार बारीक असतात. पाण्यात विरघळलेले क्षारही त्यात अडतात. पण अडलेले क्षार धुऊन न्यायला पाणी लागते. आम्ही टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोडून मोजले. एक हंडा पिण्याचे निघाले, तर तीन हंडे मोरीत जात होते. दिवस चैत्राचे, नळ दोन दिवसांआड! घरात काय बोलणे झाले, ते इथे लिहीत नाही.

मग पाणी तपासून आणले. लिटरात क्षार निघाले १८० मिलिग्रॅम. सरकारी मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चालतात. दोष होता तो गढूळपणाचा आणि जंतूंचा. त्याला साधी गाळणी आणि जंतू मारणारा यूव्हीचा दिवा पुरला असता. त्यात पाणी वाया जात नाही. वीज गेली तर पाणी उकळून घ्यावे, इतकेच. मुलांना जन्मभर "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून सांगितले, आणि स्वतः प्रश्न न वाचताच उत्तर लिहिले!

बोअरचे पाणी खारट असेल, किंवा त्यात फ्लोराइड जास्त असेल, तर मात्र आरओ कामाला येतो. फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात. ते चवीला कळत नाही आणि उकळून जात नाही. म्हणून आधी तपासणी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले. ग्रामपंचायतीत चौकशी करा.

बसवणारा मिस्त्री घाईत असतो. आपण जवळ उभे राहावे. फिल्टरकडे जाणाऱ्या नळीला वेगळा कॉक लावून घ्या. पाणी गळेल तिथे विजेचे बटण नको. गाळणी बदलायला हात जाईल एवढी जागा ठेवा. आमच्याकडे ती ठेवली नव्हती. गाळणी काळी पडली तरी आत तशीच राहिली. पहिली टाकीभर पाणी पिऊ नका, सोडून द्या. आरओचे टाकाऊ पाणी फरशी धुवायला घ्या. ते फार खारट असेल तर झाडांना घालू नका.

आमचा तो फिल्टर पुढे सोयऱ्यांकडे गेला. त्यांच्या बोअरचे क्षार १४०० भरतात. तिथे तो छान चालला आहे.