खोली आधी, माइक नंतर!

नवं घर झालं, वास्तुशांत झाली, आणि वरच्या मजल्यावरची ती एक खोली तुम्ही आईबाबांशी भांडून, गोड बोलून का होईना, स्वतःसाठी राखून ठेवलीत. दिवसभर वाळूज नाहीतर शेंद्र्याला नोकरी आणि रात्री गाणं. कुणाचा बँड आहे, कुणाचं पॉडकास्ट, कुणी जाहिरातींना आवाज देतं. कंडेन्सर माइक आला, ऑडिओ इंटरफेस आला, स्पीकर आले (ईएमआयवर का होईना!). आणि पहिलं रेकॉर्डिंग कानाला लावल्यावर वाटतं, हे बाथरूममध्ये गायलंय की काय?

मग सुरू होतो माइक बदलण्याचा सिलसिला. थांबा. त्यापेक्षा रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' असा पत्रा थरथरल्यासारखा आवाज ऐकू आला? तो समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये टाळी टेबल टेनिस खेळतेय त्याचा. महागडा माइक तो आवाज आणखी स्वच्छ पकडेल, एवढंच!

आपण छत्रपती संभाजीनगरची मंडळी याबाबतीत खरं तर नशीबवान. दगडात आवाजाचं काय होतं, ते ऐकायला तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. दहाव्या क्रमांकाचं लेणं, विश्वकर्मा, ज्याला 'सुताराची झोपडी'ही म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी कमानी कोरल्यात. तिथे कुणी एक सूर लावला की तो छताखाली रेंगाळतच राहतो. मंत्रपठणाला याहून छान जागा नाही, पण रॅपला? दुसरा शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत पहिला अजून तिथेच! दगड आवाज पीत नाही, परत फेकतो. तुमच्या सिमेंटच्या गिलाव्याचा आणि व्हिट्रिफाइड टाइलचा स्वभावही तोच.

याच वेरूळची दुसरी गंमत. तिथल्या जुन्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचा भुसा मिसळलेला आहे, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. ते करणाऱ्यांत इथल्याच विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्व खात्यात काम केलेले रसायनतज्ज्ञ होते. असा तंतुमय गिलावा टिकाऊ तर असतोच, शिवाय आवाजही थोडाफार शोषतो. अकॉस्टिक ट्रीटमेंटचा फंडा नेमका हाच आहे. तंतूंच्या जाळ्यात हवा शिरते, घासते, आणि आवाजाची ताकद उष्णतेत विरून जाते.

गाद्या उचलणारा प्रोफेसर

हे मोजायला शिकवलं वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका नव्या लेक्चर हॉलमध्ये कुणाचंच बोलणं कळेना. एकेक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. या पठ्ठ्यानं शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, मोजमाप करायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या! त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. बोस्टनचा १९०० साली उघडलेला सिंफनी हॉल त्याच हिशेबावर उभा राहिला.

तेच गणित आपल्या खोलीला लावू या. सिडकोतल्या रो-हाउसमधली खोली धरा, १० बाय १२ फूट, स्लॅबची उंची १० फूट. म्हणजे घनफळ साधारण ३४ घनमीटर. रिकामी असेल तर आवाज दोन-तीन सेकंद घुमतो. घरच्या स्टुडिओला ०.३ सेकंदाच्या आसपास हवा. त्यासाठी आवाज पूर्ण पिणारा असा जवळपास २०० चौरस फूट पृष्ठभाग लागतो. २ बाय ४ फुटांचे पॅनल केलेत तर पंचवीसेक! घाबरू नका, सोफा, जाड सतरंजी, पुस्तकांचा रॅक आणि तुम्ही स्वतः त्यातला काही भाग उचलता. दीड डझनापासून सुरुवात करा. छोट्या खोलीत हे सूत्र अंदाजापुरतंच चालतं, पण 'दोन पडदे लावले की झालं' म्हणणाऱ्या मित्राला गप्प करायला तेवढं पुरे.

कोपऱ्यातला राक्षस

खरी डोकेदुखी मात्र बेसची. रुंदी १० फूट आणि उंचीही १० फूट, इथेच घोळ आहे. दहा फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा सूर स्वतःशीच जुळून फुगतो. दोन मापं सारखी असली की तोच सूर दुप्पट जोर करतो. बेस गिटारची मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झची! म्हणजे ती छेडली की खोली गरजणार, आणि शेजारचा सूर गुळमुळीत. तुम्ही मिक्स करताना बेस कमी करणार, आणि मग गाडीत ऐकल्यावर गाण्यात बेसच नाही. रात्र-रात्र जागून केलेलं काम असं वाया जातं.

हा सूर २० फूट लांबीचा. एक इंची फोमला किंवा अंड्याच्या ट्रेला तो दाद देत नाही. (अंड्याचे ट्रे भिंतीला लावणाऱ्यांनी आधी ऑम्लेट खाऊन घ्यावं, तेवढाच फायदा.) पातळ फोम फक्त 'स', 'श'चा चकचकाट कापतो. बेस तसाच राहतो आणि खोली कोंदट वाटायला लागते. उपाय आहे जाडी. कोपऱ्यांमध्ये जमिनीपासून स्लॅबपर्यंत रॉकवूलचे जाड थर. हे रॉकवूल म्हणजे बॉयलर आणि डक्टला लावतात तेच. ४८ किंवा ६४ किलो घनतेच्या स्लॅब मागा, सुताराकडून लाकडी चौकट करून घ्या, वरून आरपार फुंकर जाईल असं सुती कापड. रेक्झिन नको. काम करताना हातमोजे आणि मास्क लावा, नाहीतर खाज सुटेल ती सुटेल.

चार इंची पॅनल भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार इंच पुढे लटकवलं तर ते आणखी खालचे सूर पकडतं. मागची ती हवा फुकटात मिळते! पॅनलच्या जागा शोधायला आरसा घ्या. तुम्ही खुर्चीत, मित्र आरसा भिंतीवरून सरकवतोय, ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथे एक पॅनल. छतालाही तसंच. इंटीरियरवाला पीओपीच्या फॉल्स सीलिंगचा आग्रह धरेल, रंगीत लायटिंगसकट. नम्रपणे नाही म्हणा. पातळ पीओपीतून बेस सरळ आरपार जातो आणि वरचे सूर मात्र परत खाली येतात.

आणि हो, हा सगळा खटाटोप आतला आवाज सुधारायचा. बाहेरचा डीजे आत येऊ नये किंवा तुमचे ड्रम काकूंच्या झोपेत जाऊ नयेत, हे वेगळंच खातं. त्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो. भरीव फ्लश डोअर, चौकटीला रबराची पट्टी, दाराखालची फट बंद. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीतून सगळी गल्ली आत येते. घर अजून बांधून व्हायचं असेल तर आत्ताच ठरवा, गिलाव्यानंतर तोडफोड महागात पडते. जिन्याच्या, बाथरूमच्या आणि पाण्याच्या मोटारीच्या भिंतीला लागून असलेली खोली टाळा. नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीत किती मोटारी एकदम सुरू होतात, ते तुम्हाला सांगायला नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचा तर विचारही नको. एक पाऊस आला की रेकॉर्डिंग संपलं.

स्वस्त फोम? विचार करा

इथे मात्र गंमत बाजूला. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' नाइट क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीच्या फोमला लागली आणि १०० माणसं गेली. तो फोम आवाज अडवायला लावलेला होता. २०१३ मध्ये ब्राझीलच्या किस क्लबमध्येही तसंच, २४२ जण. साधा पॉलियुरेथेन फोम पेट्रोलसारखा पेटतो आणि त्याचा धूर विषारी. तुमची खोली म्हणजे एकच दार, तेही हवाबंद, आत इन्व्हर्टर, ॲडॉप्टर, वायरींचं जाळं. पॅकिंगचा फोम आणून भिंतभर चिकटवू नका. रॉकवूल जळत नाही, हे त्याचं सर्वांत मोठं क्वालिफिकेशन. आपल्या मराठवाड्यात कापूस मुबलक, गादीवाल्याकडून जाड गाद्या शिवून घ्यायचा मोह होतो. त्या आवाज छान शोषतात, पण पेटतातही. त्यामुळे त्या वायरी आणि बोर्डपासून लांबच ठेवा. फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ, आतल्या बाजूला.

मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की बंद खोलीत दोन टेक झाले तरी घाम फुटतो. स्प्लिट एसी बसवा, आधी खोली गार करून घ्या, टेकपुरता बंद ठेवा. पंखा तर रेकॉर्डिंगमध्ये हमखास ऐकू येतो.

सगळे पॅनल एका वीकेंडला ठोकून मोकळं होऊ नका. आधी कोपरे, मग आरशानं दाखवलेल्या जागा. त्यानंतर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक मेजरमेंट माइक घेऊन मोजा. कुठला सूर अजून फुगतोय ते आलेखात दिसतं. मागची भिंत महिनाभर तशीच राहू द्या. तिथे पॅनल लावायचे की पुस्तकांचे रॅक, ते रोज तिथे बसून ऐकल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल.