शिरस्त्वचेतून औषधप्रवेश : लेसर-किरणांचे साहाय्य व त्याच्या मर्यादा

डोक्याचे केस विरळ होऊ लागले म्हणजे मनुष्य प्रथम तेलाकडे व मग औषधाकडे वळतो. दोन्ही वरून चोळावयाची असतात. परंतु चोळलेले द्रव्य केसाच्या मुळाशी पोहोचते किंवा नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अलीकडे लेसर-किरणांनी त्वचेस सूक्ष्म छिद्रे पाडून औषध आत सोडण्याची पद्धती पुढे आली आहे. तिचे तत्त्व कोणते, तिच्यापासून अपेक्षा किती ठेवावी आणि अभ्यासकाने कोठे सावध राहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अडथळ्याचे स्वरूप

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे शृंगस्तर. त्याची जाडी सामान्यतः १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. तथापि मृत पेशी व त्यांमधील स्निग्ध द्रव्ये यांची त्यातील रचना इतकी घट्ट असते की, बाहेरील पदार्थ सहसा आत शिरू शकत नाहीत. बॉस व माइनार्डी यांनी २००० साली असे निदर्शनास आणले की, ज्यांचा रेणुभार ५०० डाल्टनपेक्षा अधिक आहे असे पदार्थ अखंड त्वचेतून जवळजवळ जातच नाहीत. मिनॉक्सिडिलचा रेणुभार सुमारे २०९, फिनॅस्टेराइडचा ३७३, तर ड्यूटॅस्टेराइडचा ५२८ आहे. वृद्धिकारक प्रथिनांचा रेणुभार तर हजारांच्या घरात असतो. ती डोक्यास नुसती चोळणे बहुधा व्यर्थच होय.

शिरस्त्वचेत केशपुटकांची दाटी असल्यामुळे औषधास एक आडवाट मिळते, हे खरे. परंतु अनुवंशिक टकलात ही पुटकेच क्रमशः आक्रसत जातात. ज्यास औषधाची अधिक गरज, त्याचीच वाट अरुंद होत जाते, असा हा पेच आहे.

किरणांचे कार्य

थिओडोर मायमन यांनी १९६० साली पहिला लेसर निर्माण केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला व त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यास झाले, ही गोष्ट महाराष्ट्रातील वाचकांस विशेष वाटावी. या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर आहे. ती पाण्यात मोठ्या प्रमाणावर शोषली जाते. आणि त्वचेत पाणी विपुल असल्याने किरण पडताच तेथील ऊतक क्षणार्धात वाफ होऊन उडून जाते. २,९४० नॅनोमीटरचा अर्बियम लेसर पाण्यात याहूनही अधिक शोषला जातो.

सर्व पृष्ठभागावर किरण सोडल्यास मोठी जखम होईल. म्हणून किरणाचे असंख्य बारीक बिंदूंत विभाजन करून मधली त्वचा अबाधित ठेवण्याची कल्पना २००४ साली मॅन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. अबाधित भागातून जखम लवकर भरून येते. औषधप्रवेशासाठी हीच कल्पना उपयोगात आणली जाते.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. किरणाच्या शक्तीवर छिद्राची खोली अवलंबून असते. छिद्रांची संख्या वाढवीत गेल्यास एका मर्यादेपलीकडे औषधप्रवेश त्या प्रमाणात वाढत नाही, इजा मात्र वाढते. तिसरे असे की, छिद्रात काही तासांतच शरीरद्रव व तंतुमय प्रथिने जमून वाट बंद होऊ लागते.

केशवृद्धीसाठी विकले जाणारे लेसरचे कंगवे व शिरस्त्राणे यांचा या पद्धतीशी संबंध नाही. त्यांतील मंद तांबडा प्रकाश छिद्रे पाडीत नाही.

मुंबईतील एक प्रयोग

छिद्रे लेसरनेच पाडावीत असे नाही. बारीक सुयांच्या रुळानेही ती पाडता येतात. मुंबईच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. रचिता धुरत व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा सुयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १०० पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटास केवळ मिनॉक्सिडिल, तर दुसऱ्यास मिनॉक्सिडिल व आठवड्यातून एकदा सुयांचा उपचार देण्यात आला. १२ आठवड्यांनंतर नियत क्षेत्रातील केसांच्या संख्येत पहिल्या गटात सरासरी २२.२, तर दुसऱ्यात ९१.४ इतकी वाढ आढळली.

हा फरक लक्षणीय आहे. मात्र त्याचे कारण कोणते? सुयांच्या उपचारानंतर औषध २४ तासांनी पुन्हा सुरू करावयाचे होते; तोवर छिद्रांची वाट बव्हंशी बंद झालेली असणार. तेव्हा लाभ औषध अधिक प्रमाणात आत गेल्याने झाला, की जखम भरून येताना पुटकांस मिळणाऱ्या चेतनेने झाला, असा प्रश्न उपस्थित होतो. केवळ सुयांचा असा तिसरा गट नसल्यामुळे त्याचे उत्तर या प्रयोगातून मिळत नाही. लेसरच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहतो. केवळ औषध, केवळ लेसर, दोन्ही एकत्र आणि दोन्हींचा अभाव अशा चार बाजूंची तुलना केल्याखेरीज ‘लेसरने औषध पोहोचविले’ असे म्हणणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही.

मर्यादा व धोके

मिनॉक्सिडिल नित्य लावावे लागते; लेसर-उपचार मात्र काही आठवड्यांच्या अंतरानेच करता येतो. उघडी वाट काही तासांची व औषधाची गरज रोजची, यांचा मेळ बसत नाही. म्हणून या पद्धतीचे खरे क्षेत्र मोठ्या रेणूंचे, किंवा त्वचेत साठून हळूहळू सुटणाऱ्या औषधांचे असावे, असे अनुमान निघते.

दुसरा विचार सुरक्षिततेचा. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाब उतरविणारे औषध आहे. अखंड त्वचेतून त्याचा शेकडा एक-दोन इतकाच भाग रक्तात उतरतो, म्हणून ते निर्धोक मानले जाते. भिंत फोडल्यावर हा हिशेब बदलतो. शिवाय बाटलीतील द्रावण अखंड त्वचेसाठी केलेले असते. ते निर्जंतुक नसते व त्यातील मद्यार्क उघड्या जखमेस झोंबतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर किरणोपचारानंतर काळे डाग उमटण्याची शक्यताही अधिक असते.

आणि निदान चुकले तर सर्वच श्रम वाया जातात. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत अल्पावधीत अनेकांचे केस गळले. तेथे संशय सेलेनियमच्या अतिरेकावर गेला. अशा ठिकाणी शिरस्त्वचेस छिद्रे पाडून काय साधणार?

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावासारख्या गावी राहणाऱ्या तरुणास लेसरची सोय सहज मिळणारी नाही; सुयांचा रूळ मात्र टपालानेही घरपोच येऊ शकतो. तो रूळ निर्जंतुक न करता फिरवून त्यावर लगेच औषध ओतणे, हा खरा धोका होय. अशा तरुणास कारणाचे निदान करून घ्यावयास व औषध अखंड त्वचेवर नियमित लावावयास सांगणे, हाच आज उपलब्ध पुराव्यास धरून असलेला सल्ला आहे. लेसरच्या साहाय्याचे मोल, वर सांगितलेली चौपदरी तुलना पुरेशा रुग्णांवर झाल्यावरच ठरविता येईल; आणि पदव्युत्तर अभ्यासकांस हाती घेण्याजोगे कार्य तेच आहे.