दुभाषी एक, कामकरी अनेक

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा ३० मीटर बाजूचा चौरस दाखवतो. म्हणजे विवराच्या व्यासावर जेमतेम साठ ठिपके बसतात. त्यातले पाण्याचे ठिपके संगणक क्षणात मोजेल. पण तेच काम साऱ्या बुलडाणा जिल्ह्यातल्या धरणा-तलावांसाठी करायचे ठरवले तर? सुमारे ९,६६० चौरस किलोमीटर क्षेत्राचे १ कोटी ७ लाख ठिपके होतात, आणि तेही एकाच दिवसाच्या चित्रात.

अशा कामाला क्यूजीआयएस हा मोफत नकाशा-प्रोग्रॅम उपयोगी पडतो. त्याचा गाभा सी प्लस प्लस भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत उतरवलेला असल्याने वेगवान आहे. 'पाणी कशाला म्हणायचे' हा नियम मात्र आपण पायथनमध्ये लिहून त्याला जोडू शकतो. पायथनच्या आज्ञा चालवणारा इंटरप्रिटर हा दुभाषीच म्हणा ना! मोजणी चालू असताना पडदा गोठू नये म्हणून ती मागे चालणाऱ्या दुसऱ्या थ्रेडकडे, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्याकडे, सोपवतात. खरी अडचण येथे सुरू होते.

पायथनमधली प्रत्येक वस्तू आपल्याला किती ठिकाणी वापरले जात आहे याचा आकडा जवळ बाळगते. आकडा शून्य झाला की तिची जागा मोकळी केली जाते. समजा, आकडा ५ आहे. दोन थ्रेडनी तो एकाच वेळी वाचला, दोघांनी एक मिळवला आणि दोघांनी ६ लिहिले. हवे होते ७! पुढे वापर संपत जाताना आकडा वेळेआधीच शून्यावर येतो, कुणी वापरत असलेली वस्तू नाहीशी होते आणि प्रोग्रॅम कोसळतो. तेही दर वेळी नाही, कधीतरीच. म्हणून हा दोष शोधणे फार जिकिरीचे.

यावर पायथनने एकच कुलूप ठेवले: ग्लोबल इंटरप्रिटर लॉक. किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच दुभाष्याशी बोलावे. सी प्लस प्लसने निर्माण केलेल्या थ्रेडची पायथनला ओळख नसते. त्याने 'पायजिलस्टेट एन्शुअर' ही आज्ञा देऊन नोंद करायची, किल्ली घ्यायची आणि काम होताच 'पायजिलस्टेट रिलीज'ने ती परत करायची. मुख्य थ्रेड किल्ली खिशात ठेवूनच मागच्या थ्रेडची वाट पाहत बसला, तर मागचा किल्लीची वाट पाहतो आणि दोघेही कायमचे अडकतात.

किल्ली एकच असल्याने ठिपक्यागणिक पायथनला हाक मारणे हा शुद्ध वेडेपणा ठरतो. नियमातली मर्यादा एकदाच विचारून घ्यावी, किल्ली सोडावी, आणि कोटभर ठिपके सी प्लस प्लसने मोजावेत. तेव्हा मात्र चार थ्रेड खरोखरच एकाच वेळी राबू शकतात.

२०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ची या कुलपाविना चालणारी प्रायोगिक आवृत्तीही मिळते. तिच्यातही परक्या थ्रेडला आधी नोंद करावीच लागते, आणि त्यासाठीची आज्ञा तीच आहे.